आमदारांचे कार्यालय आणि मतदाराचा हिशेब

(लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



समोर बसलेल्यांपैकी एकही जण आमदार नाही, हे संयोजकांनी मला आधीच सांगितले होते आणि म्हणूनच मी हे निमंत्रण आनंदाने स्वीकारले. आमदारांसमोर बोलायचे म्हणजे अर्धा वेळ स्वागतात जातो आणि उरलेला त्यांच्या दूरध्वनीत. आपण मंडळी आमदारांच्या कार्यालयांत बसणारी. कोणी स्वीय सहायक आहात, कोणी कार्यालय सांभाळता, कोणी केवळ संघटनेने सांगितले म्हणून सकाळी नऊ ते बारा खुर्चीवर बसता. मतदाराला आमदार वर्षातून चार-दोनदा दिसतो. आपण रोज दिसता. त्याच्या लेखी आमदार म्हणजे बहुतेक वेळा आपणच असता. तेव्हा आज जे बोलायचे ते आपल्याशीच बोलले पाहिजे.

पत्रकारितेच्या निमित्ताने गेली तीस वर्षे मी आमदारांच्या कार्यालयांतील बाहेरच्या खोलीत बराच वेळ काढला आहे. आत काय चालते याची बातमी होते; पण मतदारसंघाची नाडी बाहेरच्या खोलीत लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत शिधापत्रिका, आधार कार्डाच्या चार झेरॉक्स प्रती आणि कोणीतरी लिहून दिलेला अर्ज घेऊन माणसे बसलेली असतात. एकाला मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो. दुसऱ्याची फेरफार नोंद तीन महिने रखडलेली असते. तिसऱ्याच्या गावचे रोहित्र जळालेले असते आणि उभे पीक वाळत असते. चौथ्याचा रुग्ण आत दाखल असतो आणि देयकाचा आकडा त्याच्या आवाक्यापलीकडे गेलेला असतो. हे सारे आमदारांची ‘चिठ्ठी’ मागायला आलेले असतात. आपणही ती देता. सही, शिक्का, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. माणूस हात जोडून जातो आणि दिवसभरात साठ माणसांची कामे केली, या समाधानात आपण कार्यालय बंद करतो.

या समाधानाविषयी माझ्या मनात शंका आहे आणि ती आज मी आपल्यापुढे मोकळेपणाने मांडणार आहे.

पहिला माणूस घ्या. उत्पन्नाचा दाखला हवा असलेला. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम लागू झाला. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, ती कोणत्या पदनामाच्या अधिकाऱ्याने द्यायची, त्याने न दिल्यास अपील कोणाकडे करायचे, हे प्रत्येक कार्यालयाने अधिसूचित करून फलकावर लावायचे असते. पहिले अपील, दुसरे अपील आणि तिसरे थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. म्हणजे ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ या म्हणीवर विधिमंडळाने कायद्याने इलाज करून ठेवला आहे. तो कायदा ज्या सभागृहाने केला, त्याच सभागृहाच्या सदस्याच्या कार्यालयात तो माणूस चिठ्ठी मागायला येतो. आपण चिठ्ठी देतो आणि कायद्याविषयी त्याला अवाक्षरही सांगत नाही. त्याचा हक्क आपल्या सहीने उपकारात रूपांतरित होतो. शिवाय एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. साठ जणांच्या चिठ्ठ्या तहसील कार्यालयात पोहोचल्या की, ज्याच्याजवळ चिठ्ठी नाही असा एकसष्टावा माणूस रांगेत साठ पावले मागे ढकलला जातो. तो बहुधा सर्वांत गरीब असतो. कारण तालुक्याच्या ठिकाणी एकदा यायला लागणारी एक दिवसाची मजुरी त्याने आधीच गमावलेली असते, आपल्या कार्यालयापर्यंतचा दुसरा दिवस त्याच्याजवळ नसतो.

माझी सूचना साधी आहे. चिठ्ठी देण्याआधी एक प्रश्न विचारा : अर्ज केलात का, आणि त्याची पोच कुठे आहे? दहापैकी सहा जणांकडे पोच नसते. कोणी तोंडी सांगितलेले असते, कोणी दलालाकडे कागद दिलेले असतात. त्या माणसाला आपले सरकार सेवा केंद्रात पाठवून रीतसर अर्ज करायला लावणे, पोच पावतीवरील तारीख आपल्या वहीत नोंदवणे आणि मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून पहिले अपील करवून घेणे, यात चिठ्ठीपेक्षा जास्त कष्ट आहेत. परंतु एकाच कार्यालयाविरुद्ध महिन्यात वीस अपिले गेली, तर तेथील कारभार हलतो. वीस चिठ्ठ्यांनी तो हलत नाही. त्यांची फक्त फाईल होते.

रुग्णालयाचे देयक हा याहून नाजूक विषय. येथे माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि मुख्यमंत्री सहायता निधीसाठीच्या पत्राला खरोखर अर्थ असतो. ते पत्र अवश्य द्या. पण त्याच वेळी आणखी दोन दारे ठोठवायची असतात, हे किती कार्यालयांना ठाऊक आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत वाढली आणि प्रति कुटुंब मर्यादा पाच लाखांची झाली. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रुग्ण दाखल होताना त्याच्याकडे जायचे असते. देयक हातात पडल्यानंतर गेल्यास उशीर झालेला असतो. दुसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी या स्वतंत्र खात्यात जमा करायची असते. आपल्या मतदारसंघात अशी रुग्णालये कोणती, ती नावे आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर आहेत का? भिंतीवर आमदारसाहेबांची पाच छायाचित्रे असतात. एक काढून तेथे ही यादी लावली, तर साहेब रागावणार नाहीत. रागावले, तर माझे नाव सांगा.

आता निधीकडे वळू, कारण मतदाराला आमदाराचे काम म्हणजे निधी असेच वाटते आणि तसे वाटायला आपणच लावले आहे. २०१९ पर्यंत वर्षाला दोन कोटी असलेला आमदार स्थानिक विकास निधी २०२२ च्या अर्थसंकल्पात पाच कोटींवर गेला. तो आमदारांच्या हाती येत नाही. त्यांनी काम सुचवायचे, जिल्हाधिकाऱ्यांनी प्रशासकीय मान्यता द्यायची आणि बांधकाम विभागाने किंवा स्थानिक संस्थेने ते पार पाडायचे, अशी रीत आहे. पण समाजमंदिराच्या कोनशिलेवर ‘यांच्या निधीतून’ असे लिहिलेले असते, जणू तो घरचा पैसा.

थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन लाख नव्वद हजार माणसे. पाच कोटींना या संख्येने भागा. माणशी वर्षाला साधारण सव्वाशे रुपये येतात. आता दुसरा आकडा. राज्याचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प सहा लाख बारा हजार कोटींचा होता. त्यालाही त्याच लोकसंख्येने भागले, तर माणशी चोपन्न हजारांच्या पुढे जाते. हे चोपन्न हजार मंजूर करण्यासाठी आपण आमदाराला मुंबईला आणि हिवाळ्यात नागपूरला पाठवतो. आणि चौकाचौकांत फलक लागतात ते सव्वाशे रुपयांचे. त्या चोपन्न हजारांतून आपल्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाच्या वाट्याला काय आले, धरणाच्या कालव्यासाठीची तरतूद का परत गेली, शाळांतील रिक्त पदे का भरली गेली नाहीत, यांविषयी ना फलक लागत, ना पत्रक निघत, ना मतदार विचारत.

याला अलीकडचे एक कारण आहे, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. २०२२ पासून राज्यातील बहुतांश महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. जवळपास चार वर्षे तेथे प्रशासक होते. नगरसेवकच नसल्यामुळे तुंबलेल्या गटाराचे गाऱ्हाणेही आमदारांच्या दारी आले. आमदारांचे कार्यालय प्रभाग कार्यालय बनले, यात सारा दोष त्यांचा नाही. परंतु १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली ती गटार कोणी पाहावे आणि कायदा कोणी करावा याची विभागणी पक्की करण्यासाठीच. ती विभागणी मोडली की दोन्ही कामे अर्धवट होतात.

विधिमंडळात आमदाराने नेमके काय करायचे, हे मतदाराला कळत नाही, अशी तक्रार आमदार खासगीत करतात. मी त्यांना तारांकित प्रश्नाचा मसुदा वाचायला सांगतो. आपल्यापैकी अनेकांनी तो लिहिलाही असेल. अमुक गावातील नळयोजना अपूर्ण आहे, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. त्यात काय आढळून आले. त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि शेवटी ते अवघे चार-पाच शब्दांचे वाक्य : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? त्या वाक्यापुढे मंत्र्याला उभे राहावे लागते, सचिवाला टिपणी पाठवावी लागते आणि जिल्ह्यातील कार्यकारी अभियंत्याला रात्री जागून माहिती जुळवावी लागते. माझ्या पाहण्यातील एक नळयोजना प्रश्नाचे उत्तर सभागृहात येण्याआधीच, उत्तर ‘निरंक’ देता यावे म्हणून, आठ दिवसांत पूर्ण झाली होती. गावाने श्रेय दिले ते वीज मंडळाच्या वायरमनला! प्रश्न विचारणाऱ्या आमदाराचे नाव गावात कोणाला ठाऊक नव्हते, कारण त्यांच्या कार्यालयाने ते कधी कळवलेच नाही. लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, आश्वासन समिती, विनंती अर्ज समिती, ही सारी आयुधे मतदाराची आहेत. विनंती अर्ज समितीपुढे तर सामान्य नागरिकाचा अर्ज सदस्यामार्फत थेट सभागृहात मांडता येतो. आपल्या कार्यालयाने गेल्या पाच वर्षांत असा एक तरी अर्ज तयार केला का, हे आपापल्या मनाशी तपासून पाहा.

येथे रामभाऊ म्हाळगी यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९५७ मध्ये मावळातून आणि पुढे १९६७ व १९७२ मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेतून ते विधानसभेवर निवडून आले. १९७७ आणि १९८० मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेले. आणीबाणीत येरवड्याला होते. लोकप्रतिनिधी म्हणून केलेल्या कामाचा अहवाल दरवर्षी मतदारांच्या हाती देण्याचा त्यांचा शिरस्ता होता. त्या काळी समाजमाध्यमे नव्हती आणि जनसंघाजवळ पैसाही नव्हता. असा अहवाल द्यावा, असे संविधानात कोठे लिहिलेले नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातही नाही. आजही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयामुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे शपथपत्रावर जाहीर करावी लागतात. म्हणजे निवडणुकीला उभा राहताना माणसाजवळ किती तोळे सोने आहे, हे मतदाराला कळते. पाच वर्षांनंतर त्याने काय काम केले, हे कळण्याची कायदेशीर सोय मात्र नाही. रामभाऊंनी कायद्याची वाट पाहिली नाही. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणासाठी प्रबोधिनी उभी राहिली. त्यांचे नाव आपण सगळेच घेतो. त्यांच्यासारखा अहवाल छापणारे किती, हा प्रश्न आपल्या वर्तुळात थोडा अडचणीचा ठरतो.

अहवाल निघतच नाहीत, असे नाही. गुळगुळीत कागदावर निघतात. पहिल्या आठ पानांवर शुभेच्छा, पुढे भूमिपूजने, मग उद्घाटने, मग मान्यवरांसह छायाचित्रे. भूमिपूजन आणि उद्घाटन यांच्या मधला काळ त्यात कोठेच सापडत नाही आणि मतदार त्या मधल्या काळातच खड्ड्यांतून गाडी चालवत असतो. न झालेल्या कामांचे एक पान असलेला अहवाल मी अद्याप पाहिलेला नाही. विरोधक ते पान फिरवतील, ही भीती मला मान्य आहे. फिरवतीलच. पण ज्या गावचे काम झालेले नाही, त्या गावाला ते ठाऊकच असते. अहवालात ते नसेल, तर गाव उरलेल्या पानांवरही विश्वास ठेवत नाही.

रोजच्या संदेशांचेही तसेच. आपल्यापैकी बहुतेकांच्या कार्यालयांतून मतदारांच्या भ्रमणध्वनीवर रोज काही ना काही जाते. जयंती, पुण्यतिथी, सण, वाढदिवस. सकाळी सहाला सुप्रभात. हे सारे बंद करा, असे मी म्हणणार नाही. आपण ऐकणारही नाही. परंतु जुलै २०२४ आठवून पाहा. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि अधिवास व उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी तहसील कार्यालयांत बायाबापड्यांची झुंबड उडाली. काही दिवसांतच शासनाने अटी शिथिल केल्या. अधिवास दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाचा दाखला नको. चार ओळींची माहिती. ज्या कार्यालयाने ती त्याच दिवशी वाडीवाडीपर्यंत पोहोचवली, तेथील बायकांची मजुरी वाचली आणि दलालांचे पैसे बुडाले. ज्या कार्यालयाने त्या दिवशीही साहेबांचे छायाचित्रच पाठवले, तेथे रांगा तशाच राहिल्या. पीकविम्याची अंतिम तारीख, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, मतदारयादीची पुनरीक्षण मोहीम, दोन दिवस पाणी येणार नसल्याची सूचना, अशा संदेशाला कोणी अंगठा दाखवून दाद देत नाही. तो वाचून लोक कामाला लागतात.

कार्यालयाच्या बाहेरच्या खोलीत येणाऱ्या गाऱ्हाण्यांतून कायदा कसा जन्माला येतो, याचेही एक उदाहरण महाराष्ट्राजवळ आहे. वि. स. पागे हे काँग्रेसचे आणि १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती. आपल्या भागातील माणसे ‘काम द्या’ म्हणून येत. पागे यांनी दहा-वीस जणांना कोठे तरी चिकटवून देण्याची वाट धरली नाही. मागेल त्याला काम देणे शासनाला बंधनकारक करता येईल का, याचे गणित त्यांनी मांडले. १९६९ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात त्याचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजनेने राज्य तारले, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर देशासाठी कायदा केला. आपल्या वहीतही एकाच प्रकारचे गाऱ्हाणे चाळीस वेळा आलेले असेल. चाळीस चिठ्ठ्या द्यायच्या की एक अशासकीय विधेयक तयार करायचे, हा निर्णय साहेबांचा. पण ते चाळीस अर्ज एका जागी करून त्यांच्या टेबलावर ठेवणे आपले काम आहे.

शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून गेले. त्यांचा विचार आपल्याहून वेगळा होता, हे सांगायला नको. एसटीने प्रवास करणारा आमदार अशी त्यांची ख्याती. त्या साधेपणाचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्यात उपयोग जास्त दिसतो : एसटीत शेजारी बसलेला माणूस गाऱ्हाणे सांगायला वेळ घेऊन येत नाही, आणि गाडी थांबेपर्यंत आमदाराला उठूनही जाता येत नाही.

शेवटचा मुद्दा वहीचा. मी मघापासून वही म्हणतो आहे. आपण संगणक म्हणा. कोणाचा अर्ज कधी आला, कोणत्या कार्यालयाकडे गेला, आज कोणत्या टप्प्यावर आहे, याची नोंद. निवडणूक होते, आपले साहेब पडतात. कार्यालय आवरले जाते, खुर्च्या परत जातात, फलक उतरतो आणि ती वही कोणाच्या तरी घरी माळ्यावर जाते. त्यात तीन-चारशे माणसांची अर्धवट कामे असतात. कोणाचे तिसरे अपील आयोगाकडे असते, कोणाच्या विधवा आईचे निवृत्तिवेतन महालेखापालांच्या कार्यालयात अडकलेले असते. नव्या आमदाराकडे ती माणसे पहिल्यापासून सुरुवात करतात. पुन्हा त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुन्हा त्याच चार प्रती.

माझे म्हणणे असे की, ज्यांची संमती असेल त्यांची प्रलंबित कामे, तारखा आणि कागदांसह, निकालानंतर पंधरा दिवसांत नव्या आमदारांच्या कार्यालयात नेऊन द्यावीत. ते कोणत्याही पक्षाचे असोत. पोच घ्यावी. आणि आपले साहेब निवडून आले असतील, तर पराभूत उमेदवाराकडे जाऊन त्याची वही मागावी. हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या आहेत, त्या मला येथून दिसत आहेत. आपण केलेल्या पायपिटीचे श्रेय दुसऱ्याने का घ्यावे, हा त्यामागचा प्रश्न मला समजतो. चहानंतरच्या चर्चेत त्यावरच बोलू. पहिला प्रश्न त्या मागच्या रांगेतून यावा.